पक्ष्याचा डोळा आणि सोबतीची होडी

गेल्या कार्तिक महिन्यांत एके दिवशीं सकाळीं आमच्या आळींतील एक बाई आमच्याकडे आल्या. हातांत वाटी नव्हती कीं तांब्या नव्हता; तेव्हां त्या कांहीं उसनें मागावयास अगर परत करावयास आलेल्या नाहींत, हें घरांतील मंडळींच्या लगेच ध्यानांत आलें व त्यांनीं बाईंना आमच्या खोलींत आणून बसविलें. थोडा वेळ त्या पदराच्या टोकाशीं चाळा करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, घरांत पदकें येऊं लागलीं, पण पोरें येईनाशीं झालीं. तेंहि मी सोसलें असतें. पण आज चार दिवस हा पहांटे एकटाच समुद्रांत जातो. बरोबर होडी नाहीं, माणूस नाहीं. तुमच्या ओटीवर शिकलेला मुलगा. तुमचें ऐकेल तर सांगून पाहा."

ज्याच्याविषयीं हें बोलणें चाललें होतें तो त्यांचा धाकटा मुलगा. वय सतरा. त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. मालवणांत तें कोणास सांगावयास नको, आणि मालवणाबाहेर सांगून उपयोग नाहीं. शिवाय ज्या कारणास्तव आम्ही ही हकीकत लिहावयास घेतली आहे, तें एकट्या त्याच्या घरापुरतें नाहीं. पोहण्याच्या जागीं गाणें घाला, बुद्धिबळ घाला, नाहीं तर वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास घाला. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आपल्याच माजघरांतील एखादें मूल आठवेल.

हे तिघे मित्र. एक हा, दुसरा एका रापणकाराचा मुलगा, तिसरा बाजारांतील एका किराणा दुकानदाराचा. पहिलीपासून एका बांकावर बसलेले. पोहावयास शिकले तें याच्याच घरच्या विहिरींत, पाठीला प्लास्टिकचा रिकामा डबा बांधून. आमच्या लहानपणीं त्याच कामीं सुका भोपळा असे. रापणकाराच्या मुलास अर्थातच शिकवावें लागलें नाहीं. तोच इतर दोघांस शिकवी. विहींरींतून वर आल्यावर तिघांचीं ओलीं पावलें स्वयंपाकघरापर्यंत उमटत, आजी ओरडे, आणि या बाई तव्यावर घावन घालीत बसत. कोणी किती खाल्लें याची मोजदाद नसे. पीठ संपलें म्हणजे खाणें संपे.

पुढें विहीर पुरेना म्हणून मुलें समुद्रावर जाऊं लागलीं. चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबर महिन्यांत सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा भरते. गांवोगांवचीं मुलें, मोठीं माणसें, कधीं कधीं सबंध कुटुंबें तीत उतरतात. तीन वर्षांपूर्वीं त्यांतील एका लहान अंतराच्या शर्यतींत हा आणि दुकानदाराचा मुलगा असे दोघे उतरले. याचा नंबर वर लागला, त्याचा पुष्कळ खालीं. त्या दिवसापासून या मुलाच्या मनानें पोहण्याचा ध्यास घेतला. दुकानदाराच्या मुलानें पोहणें सोडलें व हातांतील मोबाइलवर याची वेळ मोजण्याचें काम आपण होऊन पत्करलें. रापणकाराचा मुलगा घरची लहान होडी वल्हवीत याच्या बाजूनें जाऊं लागला. दोन वर्षें हा क्रम बिनबोभाट चालला.

होडी कशाला, असें घाटावरील वाचक कदाचित् विचारतील. मालवणचा समुद्र दिसावयास सोज्वळ आहे, पण त्याच्या पोटांत खडक आहेत. ज्या कुरटे बेटावर शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें, त्याच्या आजूबाजूस पाण्याखालचे खडक ठाऊक असल्यावांचून होडी घालतां येत नाहीं. परक्या जहाजांस ती वाट सांपडूं नये हाच तर जागा निवडण्यांतील एक हेतु. पहांटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. त्या वेळीं कांठचें पाणी तळ्यासारखें निवांत असतें, म्हणून पोहणाऱ्यास ती वेळ गोड वाटते. परंतु तोच वारा माणसास नकळत किनाऱ्यापासून दूर लोटीत असतो, आणि त्यांत ओहोटी असली तर पाण्याचीहि ओढ बाहेरच्याच दिशेला असते. पोहणाऱ्याचें डोकें पाण्यांत; त्यास आपण कोठें चाललों तें दिसत नाहीं. होडींत बसलेल्यास दिसतें. म्हणून होडी.

आतां बिघडलें कसें तें सांगतों. मुलाचा सराव वाढला. तो रात्रीं नऊला निजूं लागला, पहांटे साडेचारला उठूं लागला. जत्रेंतील दशावतार बंद झाला. तिघे मिळून रात्रभर जागावयाचे आणि सकाळीं वर्गांत पेंगावयाचे, तें संपलें. नारळी पौर्णिमेला सारा गांव बंदरावर लोटतो, नारळ लढविण्याची धमाल उडते. त्या संध्याकाळीं हा अंगणांत दोरीच्या उड्या मारीत होता. येथवर आम्ही त्यास दोष देत नाहीं. पण हळूहळू त्याच्या बोलण्यांत मित्र राहिले नाहींत, मित्रांचीं कामें तेवढीं राहिलीं. एकदां वेळ मोजण्यांत दोन सेकंदांची चूक झाली, तेव्हां दुकानदाराच्या मुलास तो चार लोकांदेखत म्हणाला कीं तुला पोहतां तर येत नाहींच, वेळहि धड घेतां येत नाहीं. तो मुलगा त्या दिवसापासून किनाऱ्यावर आला नाहीं.

राहिला रापणकाराचा मुलगा. रापण म्हणजे काय हें कोंकणाबाहेरील वाचकांस थोडक्यांत सांगितलें पाहिजे. होडींतून जाळें टाकीत टाकीत अर्धचंद्रासारखा वळसा घेऊन परत किनाऱ्यास यावयाचें. मग जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा तें वाळूवर ओढूं लागतात. दोन्ही रांगांचें पाऊल एका लयींत पडावें लागतें. एका रांगेनें घाई केली कीं जाळें तिरपें होतें व मासळी निसटते. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो. अश्विनांतील एका पहांटे रापणीला मासळी चांगली लागली आणि या मुलास दोर सोडून येतां येईना. चाळीस मिनिटें उशिरानें तो धांवत आला. तेव्हां आमच्या या शिष्योत्तमानें पाण्यांत उभ्याउभ्याच त्यास म्हटलें, "तुज्या रापणीपायी माजो आजचो दिस फुकट गेलो." घरचें पोट ज्या जाळ्यावर चालतें त्याविषयीं हे शब्द! त्या मुलानें उलट उत्तर केलें नाहीं. होडी वर ओढून ठेवली आणि "उद्यापासून दुसरो बघ" एवढें म्हणून तो गेला. दुसरा कोणी पाहिला गेला नाहीं. स्पर्धा महिन्यावर आली होती, आणि मुलगा एकटाच पाण्यांत शिरूं लागला.

त्याच संध्याकाळीं आम्हीं त्यास बोलावून घेतलें. आला, नमस्कार करून बसला. मुलगा उद्धट नाहीं. आम्हीं सारें बोलून झाल्यावर तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, द्रोणाचार्यांची गोष्ट तुम्हींच सांगितली होती. अर्जुनाला पक्ष्याच्या डोळ्याशिवाय कांहीं दिसलें नाहीं म्हणून तो पास झाला. भाऊ दिसतात असें म्हणणाऱ्याला आचार्यांनीं बाजूला उभें केलें. मी तेंच करतों."

आम्ही निरुत्तर झालों. ही गोष्ट आम्हीं केवळ त्यालाच नव्हे, जवळ जवळ चाळीस वर्षें प्रत्येक वर्गाला सांगितली आहे. सांगतांना आवाज चढवून, खडूनें फळ्यावर झाड आणि पक्षी काढून सांगितली आहे. मुलें डोळे विस्फारून ऐकत आणि आम्हांस धन्य वाटे. परंतु त्या नापास झालेल्या मुलांचें पुढें काय झालें, हा प्रश्न आम्हीं कधीं वर्गास घातला नाहीं, आणि स्वतःसहि नाहीं. "एकट्यानें पाण्यांत जाऊं नको, निदान उद्यांचा दिवस थांब," एवढें वचन त्याच्याकडून घेऊन आम्हीं त्यास घरीं धाडलें आणि रात्रीं आदिपर्व काढून बसलों.

मूळ कथेंत डोळा नाहीं. कारागिरांकडून करविलेला भास पक्षी आणि त्याचें शिर आहे. डोळा लोकांनीं केला, व आम्हीं शिक्षकांनीं तो वाढवून सांगितला. पण तें असो. नीट पाहतां दोन गोष्टी आमच्या ध्यानांत आल्या. पहिली ही कीं, जो गुरु शिष्यांस लक्ष्यावांचून दुसरें कांहीं दिसूं नये असें शिकवीत होता, त्याच गुरूच्या आयुष्यांतील मोठें शल्य म्हणजे तुटलेली बालमैत्री. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमांत एकत्र खेळले, एकत्र शिकले. पुढें एक राजा झाला, दुसरा दरिद्री राहिला. दरिद्री मित्र दारांत आला तेव्हां राजानें मैत्री बरोबरीच्यांत असते असें सांगून त्यास वाटेला लावलें. द्रोणानें तो अपमान गिळला नाहीं. शिष्यांकरवीं द्रुपदास बांधून आणविलें व त्याचें अर्धें राज्य घेतलें. द्रुपदानें यज्ञ करून द्रोणाचा वध करणारा पुत्र मागितला. एका आश्रमांतील दोन मुलांचें भांडण कुरुक्षेत्रापर्यंत पोंचलें. त्या आचार्यास पक्ष्याचें शिर दिसे. मित्राचें मन दिसलें नाहीं, आणि मित्रासहि त्याचें दिसलें नाहीं.

दुसरी गोष्ट युधिष्ठिराची. परीक्षेंत त्यास झाड दिसलें, गुरु दिसले, भाऊ दिसले, पक्षीहि दिसला. म्हणून तो नापास. परंतु महाभारताच्या शेवटच्या पर्वांत हाच नापास विद्यार्थी स्वर्गांत जाऊन उभा राहतो, आणि तेथें भाऊ दिसत नाहींत असें पाहून म्हणतो कीं जेथें ते असतील तेथेंच मला न्या. भाऊ दिसणें हा ज्याचा धनुर्विद्येंतील दोष ठरला, तोच त्याचा शेवटचा गुण ठरला. व्यासांनीं पहिल्या पर्वांतील प्रश्नाचें उत्तर शेवटच्या पर्वांत दिलें आहे. आमच्यासारखे शिक्षक पहिलें पर्व शिकवून थांबतात.

यावरून कोणी असें समजूं नये कीं मुलांनीं महत्त्वाकांक्षा धरूं नये असें आमचें मत आहे. पोहण्याच्या क्षेत्रांत काय लागतें याचें उदाहरण मालवणकरांनीं आपल्याच कचेरींत पाहिलें आहे. कोल्हापूरचे वीरधवल खाडे यांचें नांव वाचकांस ठाऊक असेल. त्यांचा जन्म १९९१ चा. लहान वयांतच घर सोडून ते बंगळूरास निहार अमीन यांच्या हाताखालीं तयार झाले, आणि २००८ सालीं बीजिंग ऑलिंपिकमध्यें ५०, १०० व २०० मीटर मुक्तशैलींत पोहले, तेव्हां त्यांस सतरा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. २०१० च्या ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धांत त्यांनीं ५० मीटर बटरफ्लाय प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. १९८६ सालीं सेउल येथें खजानसिंग यांनीं रौप्यपदक आणलें होतें. त्यानंतर आशियाई स्पर्धांत पोहण्याचें पदक भारतास चोवीस वर्षांनीं मिळालें. पुढें खाडे सरकारी नोकरींत तहसीलदार झाले व कांहीं काळ आमच्या मालवणास होते. सातबाऱ्याचे आणि दाखल्याचे अर्ज घेऊन लोक ज्या मेजापुढें उभे राहतात, त्या मेजामागें बीजिंगला पोहून आलेला मनुष्य बसलेला आम्हीं मालवणकरांनीं पाहिला.

नोकरीच्या वर्षांत त्यांचा सराव तुटला. तरीहि ते पुन्हां पाण्यांत उतरले आणि २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत ५० मीटर मुक्तशैलीच्या प्राथमिक फेरींत त्यांनीं २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरींत त्यांस २२.४७ सेकंद लागले. तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूस २२.४६. पदक हुकलें तें सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानें. आम्ही जुन्या संवयीनें हें गणित करून पाहिलें. त्या वेगानें मनुष्य एका सेकंदांत सुमारें सव्वादोन मीटर जातो; तेव्हां शंभराव्या हिश्शांत दोन सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. बोटाचें एक पेर तेवढें असतें. एका पेरासाठीं वर्षांचा हिशेब! मग नऊ वाजतां निजणारा मुलगा मित्रांस शिष्ट वाटला तर मित्रांनींहि तें पेर ध्यानांत घेतलें पाहिजे. दोन सेकंदांच्या चुकीनें तो कां चिडला, हेंहि या गणितानें आम्हांस थोडें समजलें. चिडणें समजतें, चार लोकांदेखत बोलणें समजत नाहीं.

परंतु याच चरित्राची दुसरी बाजू आहे. २०२३ सालीं गोव्यांत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. तेथें खाडे व त्यांच्या पत्नी ऋजुता खाडे या दोघांनींहि सुवर्णपदकें मिळविलीं आणि त्याच वेळीं वीरधवल यांनीं स्पर्धांचा निरोप घेतला. वय बत्तीस. बत्तिसाव्या वर्षीं तलाव संपतो. गाण्याचें तसें नाहीं, वकिलीचें तसें नाहीं. पण शरीराच्या बळावरील विद्येचें असेंच आहे. त्यानंतर माणसापुढें तीस-चाळीस वर्षें उरतात, आणि तीं पाण्यांत नव्हे, माणसांत काढावयाचीं असतात. त्या वर्षांची तयारी कोणत्या वयांत करावयाची? ती याच वयांत, याच पोरांबरोबर होत असते. घड्याळांतील आंकडा कमी करण्याची जशी वेळ असते, तशी मैत्रीचें मूळ धरण्याचीहि असते. चाळिसाव्या वर्षीं नवे मित्र मिळतात, पण आपल्या विहिरींत डबा बांधून पोहलेले मिळत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं मुलगा पुन्हां आला तेव्हां आम्हीं त्यास महाभारत सांगितलें नाहीं. एक पोहण्याचाच नियम सांगितला. पुण्याचे रोहन मोरे यांनीं जगांतील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून २०१८ च्या फेब्रुवारींत तो क्रम पुरा केला. इंग्लिश खाडी, जिब्राल्टर, न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी वगैरे त्यांत येतात. इंग्लिश खाडी अगदीं अरुंद जागींहि तेहतीस किलोमीटरांच्या आसपास भरते. असल्या पोहण्यांत मनुष्य अगदीं एकटा असतो असें आपणांस वाटतें. पण तसें नाहीं. बरोबर होडी असलीच पाहिजे, तिच्यावर निरीक्षक असलाच पाहिजे. त्याशिवाय तें पोहणें मोजलेंच जात नाहीं. अन्नपाणी होडींतून द्यावयाचें, दिशा होडीनें दाखवावयाची. मात्र पोहणाऱ्यानें होडीला आधारासाठीं हात लावावयाचा नाहीं. लावला कीं तो बाद. आम्हीं मुलास विचारलें, "म्हणजे होडी पोहत नाहीं, ओढत नाहीं, तिला हातहि लावावयाचा नाहीं, तरी तिच्यावांचून पोहणें ग्राह्य नाहीं. असें कां बरें?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "त्यानें दोन वर्षें होडी आणली. मीं एकदांहि त्याची रापण ओढली नाहीं."

हें उत्तर आमच्या प्रश्नाचें नव्हतें, पण आम्हांस हवें होतें त्याहून चांगलें होतें. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं मग रविवारीं जा.

तो गेला. ही हकीकत आम्हांस नंतर त्याच्या मित्राच्या वडिलांकडून कळली. पहांटे येऊन तो कांहीं न बोलतां दोराच्या शेवटीं उभा राहिला. कोणी ये म्हटलें नाहीं, जा म्हटलें नाहीं. प्रथम यानें पोहणाऱ्याच्या जोरानें दोर खेंचला, तेव्हां पुढील म्हाताऱ्यानें मान न वळवितां "सावकाश" म्हणून दटावलें. मग त्याचें पाऊल रांगेशीं जुळलें. दीड तासानें जाळें वर आलें. वाटे पडले, आणि रिवाजाप्रमाणें जो दोर ओढील त्याचा वाटा म्हणून त्या रापणकाराच्या मुलानें पांच बांगडे याच्या हातांवर आणून ठेवले. आमचें घराणें कऱ्हाड्यांचें, त्यांचेंहि तेंच. सोंवळ्याच्या घरांतला मुलगा हातांत पांच बांगडे घेऊन वाळूवर उभा! ते ठेवावे कोठें, टाकावे तर अपमान, न्यावे तर आजी. त्याचा तो चेहरा पाहून मित्रास हंसूं आवरेना, आणि मग दोघेहि हंसत वाळूवर बसले. बांगडे अखेर मित्राच्याच घरीं शिजले. क्षमा मागितली गेली कीं नाहीं हें आम्हांस ठाऊक नाहीं. आमच्या अनुभवांत या वयाचीं मुलें ती शब्दांनीं क्वचितच मागतात.

दोघांनीं पुढें जो करार केला तो मात्र आम्हांस मोठ्या माणसांनाहि शिकण्यासारखा वाटला. ज्या दिवशीं रापण नसेल त्या दिवशीं होडी येईल. ज्या दिवशीं रापण असेल त्या दिवशीं हा पोहण्यास उशिरा जाईल, नाहीं तर किनाऱ्याच्या आंत, उभें राहतां येईल एवढ्या पाण्यांत सराव करील. एकटा बाहेर जाणार नाहीं. यांत याचे कांहीं तास बुडाले. डिसेंबरच्या शर्यतींत त्याच्या मनासारखा नंबर आला नाहीं. बुडालेल्या तासांमुळें आला नाहीं कीं दुसऱ्या कोणी अधिक चांगलें पोहल्यामुळें, हें सांगणें कठीण. आम्ही असें म्हणत नाहीं कीं मैत्री राखली कीं पदक मिळतेंच. मिळत नाहींहि. तो खर्च आहे, आणि खर्च म्हणूनच तो समजून उमजून केला पाहिजे.

आतां थोडें घरांतील वडील मंडळींविषयीं. एकत्र कुटुंबांत एखादें मूल चमकूं लागलें कीं त्याच्याभोंवतीं आपण एक भिंत बांधतों. काका म्हणतात, या पोरांच्या नादीं लागूं नको. आत्या म्हणते, त्यांचा आणि आपला रस्ता वेगळा. आजोबा येणाऱ्याजाणाऱ्यास पदकें दाखवितात, आणि तीं पाहणाऱ्यांत ज्यानें होडी वल्हविली तोहि ओटीखालीं उभा असतो; त्यास वर ये म्हणावयाचें कोणाच्या मनांत येत नाहीं. याच घरांत असेंच झालें होतें, हें त्या बाईंनीं आम्हांस रडत रडत सांगितलें. मुलानें मित्रांचीं केवळ कामें पाहिलीं, माणसें पाहिलीं नाहींत, तर तें तो कोठें शिकला? आम्हीं ओटीवर शिकविलें, घरानें ओटीखालीं शिकविलें. दोष वांटून घेतलेला बरा.

म्हणून आमची वाचकांस विनंति एवढीच आहे. मूल मोठ्या कामास लागलें असेल तर त्याच्या झोंपेचे, आहाराचे, अभ्यासाचे नियम खुशाल कडक ठेवा. पण ते नियम त्याच्या मित्रांस त्यानें स्वतः समजावून सांगावे, आपण दारांतून परत लावूं नये. ज्याचें साहाय्य तो घेतो त्याच्या कामास आठवड्यांतून एकदां तरी त्याचा हात लागावा. आणि जो मागें राहिला त्याला, तुला काय वाटलें, असें एकदां तरी विचारावें.

ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितों, कारण दुकानदाराचा मुलगा अजून परत आलेला नाहीं. आमचा विद्यार्थी दोनदां दुकानावर जाऊन आला. त्या मुलानें त्यास बसावयास स्टूल दिलें, कॉलेजांत काय चाललें आहे तें विचारलें, आणि गिऱ्हाईक आलें म्हणून उठला. तीन वर्षांपूर्वीं एका शर्यतींत तो मागें पडला आणि त्यानें पोहणें सोडलें, तेव्हां कां सोडलेंस असें त्यास कोणीच विचारलें नव्हतें. मित्रानें नाहीं, घरच्यांनीं नाहीं, आणि गल्लींत रोज भेटणाऱ्या आम्हीं सुद्धां नाहीं. आम्हां सर्वांस पक्ष्याचा डोळा तेवढा दिसत होता. तो मुलगा माल मात्र नीट तोलून देतो. आम्ही हल्लीं साखर घ्यावयास मुद्दाम स्वतः जातों व थोडें रेंगाळतों. पाहूं.

परवां त्या बाई पुन्हां आल्या. या वेळीं हातांत वाटी होती. तांदुळाचें पीठ संपलें होतें. सकाळीं दोन पोरें समुद्रावरून एकदम आंत आलीं, आणि पीठ पुरलें नाहीं.